नळीत आधण

लोखंडाचा वैरी पाणी. मग जुने शिकारी ठासणीच्या बंदुकीच्या नळीत उकळतं पाणी का ओतायचे?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचा शौक मिटला. ठासणीच्या बंदुकीला मात्र पीकराखणीसाठी परवाना देण्याची तरतूद 1959 च्या शस्त्र कायद्यात आहे. अशी बंदूक पावसाळ्यात कशी जपायची, यावर सातपुड्याच्या पायथ्याला दोन पंथ सापडतील. तेलपंथी म्हणतो, बार झाला की तेलाचा बोळा फिरवला, संपलं. नळीत पाण्याचं नाव काढलं तर ‘लोखंडले पानी?’ म्हणून अंगावर येईल. दुसरा आधी चुलीवर आधण ठेवतो.

रसायनशास्त्र या आधणवाल्याच्या बाजूचं.

बंदुकीच्या काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. ती जळली तरी निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होतच नाही. ते क्षार बनतं. थोडं पांढऱ्या धुरातून उडतं, बाकीचं काजळीसोबत नळीला चिकटतं. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतली आर्द्रता 43 टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून पाझरू लागतं. घोडा आपटला की दारू पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांमधल्या क्लोरेटचं तर पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊच. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. लोणच्यावर तेल ओतलं म्हणून खालचं मीठ जातं का? तसंच.

पाण्यात मात्र ते झटकन विरघळतात. पाणी उकळतं असलं की जाड नळी तापते आणि उरलेली ओल आपोआप उडून जाते. तेलाचा हात त्यानंतर. थ्री-नॉट-थ्री रायफल वापरणारे ब्रिटिश शिपाईदेखील नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतत.

तेलपंथीयाची समजूत बनते ती बहुधा उन्हाळ्यात. एप्रिल-मेच्या दुपारी जळगाव-भुसावळची हवा इतकी कोरडी, की न धुतलेली नळीही फारशी कुरकुरत नाही. जुलैत तीच सवय महागात पडते. आताच्या रायफलींच्या बहुतेक काडतुसांत हे क्षार नसतात. तिथे कोरडं पुसून तेल लावलं तरी भागतं.

गवसणीच्या बाबतीत मात्र दोघेही चुकतात. भिजून आलेली बंदूक तशीच गवसणीत घातली, की दमट कापड रात्रभर नळीला बिलगून राहतं. ती उघडीच, वारं खेळतं अशा कुलूपबंद खोलीत ठेवावी.