बुडबुडे, माठ आणि डीपीची गुणगुण

चकली तळताना जाणत्या बाईचं लक्ष कढईकडे कमी आणि आवाजाकडे जास्त असतं. सोऱ्यातून पडलेली चकली तेलात गेली की आधी जोरात चुर्र होतं, तेल फेसाळतं, मग बुडबुडे विरळ होतात आणि आवाज बसतो. आवाज बसला की झारा आत. घड्याळ कोणी लावत नाही आणि लावायची गरजही नसते.

कारण तो आवाज तेलाचा नसतोच, पाण्याचा असतो. तळणाचं तेल साधारण 170-180 अंश सेल्सियसला असतं. तेवढ्या उष्णतेला तेल उकळत नाही, पण पिठातलं पाणी उकळतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, म्हणून बुडबुडे होऊन धडपडत बाहेर येते. पीठ कोरडं होत गेलं की वाफ कमी आणि आवाजही कमी. म्हणजे कान इथे चकलीतला ओलावा मोजत असतो, आणि ओलावा संपणं म्हणजेच कुरकुरीत होणं. भज्यांना मात्र हा नियम लावू नये. भज्यांचं तेल शांत होईपर्यंत थांबलात तर आतला कांदाही वाळून जाईल.

चहाचं आधण ठेवल्यावरही कान देऊन बघा. उकळी फुटायच्या आधीच पातेल्यातून बारीक सूं सूं सुरू होतं, वाढत जातं, आणि पाणी खरोखर उकळायला लागलं की उलट थोडं कमी होतं. पातेल्याचा तळ तापलेला, वरचं पाणी अजून तेवढं गरम नाही. तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, वर सरकतात, गार पाणी लागताच मिटतात. ते मिटताना होणारी बारीक खटखट हजारोंनी एकत्र येते आणि आपल्याला सूं सूं ऐकू येतं. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे पृष्ठभागापर्यंत टिकतात, तिथे फुटतात आणि खळखळ सुरू होते. आल्याचा तुकडा किसायला कधी घ्यायचा हे त्यावरून ठरवता येतं.

पाण्याचे जवळजवळ सगळे आवाज या ना त्या बुडबुड्याचे असतात, हे मला या साऱ्या विषयातलं सगळ्यात मजेशीर सत्य वाटतं. ओढ्याची झुळझुळ, बादलीत पडणारी धार, तांब्यातून पिताना होणारा घटघट, सगळ्यांच्या मुळाशी पाण्यात अडकलेली हवा. बुडबुड्यातली हवा दाबली की परत उसळते, भोवतालचं पाणी पुढे-मागे ढकलते, आणि या हेलकाव्याचा एक ठरावीक सूर निघतो. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी 1933 मध्ये त्याचं गणित मांडलं. गृहस्थ खरे सूर्याचा अभ्यास करणारे, पण वाहत्या पाण्याचं गाणं त्यांना सोडवत नव्हतं. त्यांच्या सूत्रानुसार 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,300 कंपनं करतो, तर 3 मिलिमीटरचा सुमारे 1,100. लहान बुडबुडा बारीक आवाजाचा, मोठा जाड आवाजाचा.

आता रात्रीची झोप उडवणारा गळका नळ घेऊ. थेंब पाण्यावर आपटतो म्हणून आवाज येतो, असंच कोणालाही वाटेल. केंब्रिज विद्यापीठातले अनुराग अगरवाल एका मित्राकडे मुक्कामाला असताना गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीची टपटप त्यांना छळत होती. त्यांनी मग प्रयोगशाळेत अतिवेगवान कॅमेरा, एक मायक्रोफोन आणि पाण्याखाली ऐकणारा दुसरा मायक्रोफोन लावून थेंब पाडले. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. थेंबाचं आपटणं जवळजवळ मुकं असतं. थेंब पडला की पाण्यात खळगा होतो, खळगा झपकन मिटतो, आणि मिटता मिटता त्याच्या तळाशी एक इवलासा बुडबुडा अडकतो. तो थरथरतो, आणि त्याच्याबरोबर खळग्याचा तळही थरथरून वरच्या हवेला धक्के देतो. आपल्या कानावर येतो तो हा ‘टप्’. थेंब आदळल्यानंतर क्षणभराने उमटलेला.

उपाय घरातच आहे. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका. पृष्ठताण कमी झाला की खळगा तसा मिटत नाही, बुडबुडा अडकत नाही, आणि टपटप थांबते. नळ गळतच राहतो, तेव्हा प्लंबरला बोलवावंच लागेल, पण तो येईल तेव्हा येईल. तोवर झोप तरी लागेल.

समुद्रशास्त्रज्ञ याच बुडबुड्यांवर आपलं काम साधून घेतात. भर समुद्रात पर्जन्यमापक ठेवणार कुठे? जहाज हलतं, वारा थेंब उडवून नेतो. म्हणून पाण्याखाली मायक्रोफोन सोडतात. रिमझिम पावसाचे बारीक थेंब एकसारखे छोटे बुडबुडे अडकवतात आणि सेकंदाला सुमारे 15,000 कंपनांच्या आसपास ठळक आवाज उमटतो. मुसळधार पावसाचे टपोरे थेंब त्याच्या बरंच खालीही गोंगाट करतात. आवाजाच्या या पोतावरून पाऊस कसा आणि किती पडतोय याचा अंदाज बांधता येतो.

बुडबुड्यांची करामत कपातही ऐकता येते. चिनी मातीच्या कपात कडकडीत पाणी घ्या, चमचाभर इन्स्टंट कॉफी घालून ढवळा आणि लगेच चमच्याच्या टोकाने कपाच्या बुडाशी आतून टकटक करत राहा. पहिली टकटक खर्जातली येईल. मग कप हळूहळू सूर चढवायला लागेल, आणि फेस निवळेपर्यंत टक्क अशी खणखणीत होईल. पुन्हा ढवळलं की पुन्हा खाली. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी 1982 मध्ये याचं स्पष्टीकरण लिहिलं. पाण्यात ध्वनी सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर धावतो. पण पाण्यात शेकडा एक भाग जरी बारीक बुडबुडे मिसळले तरी तो वेग हवेतल्या वेगापेक्षाही खाली येतो. बुडबुडे स्पंजासारखे दबतात, पाण्याचा ताठपणा जातो. वेग कमी म्हणून सूरही खाली. बुडबुडे वर येऊन फुटले की वेग आणि सूर दोन्ही जागेवर येतात.

वस्तू वाजवून तिच्या आतलं ओळखणं आपल्याला काही नवं नाही. उन्हाळ्यात माठ घेताना तो बोटाच्या पेराने वाजवूनच घेतात. अखंड माठ खणखणतो, कारण कंपन सगळ्या अंगभर फिरतं. तडा असला की तडकलेल्या कडा एकमेकींवर घासतात, ऊर्जा तिथेच जिरते आणि माठ बद्द बोलतो. डॉक्टर छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करतात, तीही यातलीच गोष्ट. हवेने भरलेलं फुप्फुस पोकळ वाजतं, पाणी साठलं असेल तर भरीव. ही पद्धत ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये छापून मांडली. त्यांचे वडील खानावळ चालवायचे.

हे सगळे आवाज सुरू होतात आणि थांबतात, म्हणून कळतात तरी. जे थांबतच नाहीत ते मेंदू मोजत नाही. फ्रिज गुरगुरतोय हे आपल्याला तो बंद पडल्यावर कळतं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीचं तसंच. लोक तिच्यासमोर उभे राहून तासभर गप्पा मारतात आणि ती गुणगुणते आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

डीपीमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा पोलादी पत्र्यांचा. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा पूर्ण फेरी करतो. प्रत्येक फेरीत चुंबकत्व एकदा या दिशेला आणि एकदा त्या दिशेला जोर धरतं, आणि चुंबकत्व चढलं की पोलादाची लांबी अगदी सूक्ष्म बदलते. दिशा कुठलीही असो, बदल सारखाच. म्हणून 50 च्या दुप्पट, सेकंदाला 100 कंपनं. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत, खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर.

अमेरिकेत वीज 60 फेऱ्यांची, म्हणून तिथली गुणगुण 120 ची. आता 120 भागिले 100 करा. सहा पंचमांश, म्हणजे नेमका कोमल गंधार. पुण्यातल्या डीपीला षड्ज धरलं तर न्यू जर्सीची डीपी कोमल गंधार लावते. तिथे गेलेल्या कुणा गाणाऱ्याला सुरुवातीचे काही दिवस घर थोडं वेगळ्या सुरात का वाटतं, याचा हा एक भाग असू शकेल. अर्थात ही माझी अटकळ, शास्त्र नव्हे.

आपला 50 चा आकडाही दगडावरची रेघ नाही. देशातली मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की जनित्रं किंचित मंदावतात आणि आकडा खाली येतो. मागणी घटली की वर जातो. तो 49.90 ते 50.05 या पट्ट्यात ठेवायचा असा नियम आहे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, आणि तेव्हापासून सगळ्या देशाची वीज एका तालात चालते. सावंतवाडीची डीपी आणि गुवाहाटीची डीपी एकाच वेळी चढतात, एकाच वेळी उतरतात. कानाला मात्र हे कळायचं नाही. सप्तकाचे बावीस सारखे भाग केले आणि एका भागाला श्रुती म्हटलं, तर 50 वरून 49.9 वर येणं म्हणजे अशा एका श्रुतीच्या साधारण सोळाव्या हिश्शाएवढं उतरणं. तेवढं ओळखणारा कान कुणाचा असेल असं वाटत नाही.

यंत्राला मात्र कळतं. घरात केलेल्या कित्येक रेकॉर्डिंगमध्ये विजेची ही गुणगुण नकळत उतरते. जाळ्याच्या आकड्याची क्षणाक्षणाची नोंद जपून ठेवली असेल, तर रेकॉर्डिंगमधली चढउतार तिच्याशी ताडून ते कधी केलं हे काढता येतं. लंडनच्या पोलिसांची न्यायवैद्यक प्रयोगशाळा अशी नोंद वर्षानुवर्षं ठेवत आली आहे. मधलं एखादं वाक्य कापलं असेल तर गुणगुणीचा ताल तिथे उडी मारतो आणि काटछाट उघडी पडते. भारतात सगळ्या देशाचा ताल एकच असल्यामुळे या पद्धतीने वेळ सापडेल, गाव सापडणार नाही. आणि लाईट गेलेली असताना केलेल्या रेकॉर्डिंगचं तर काहीच सांगता येणार नाही, कारण घरातला इन्व्हर्टर देशाला न विचारता आपला स्वतःचा पन्नास काढत असतो.