कुंडातलं पाणी गरम, पण खडकाचं काय?

मुंबईहून वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेलं की तानसा नदीकाठच्या गरम कुंडांबद्दल ‘खाली ज्वालामुखी आहे’ असं कुणी ना कुणी सांगतंच. ज्वालामुखी होता, पण आपला काळा कातळ ज्या लाव्हातून घडला तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याच काळातली. ती धग कधीच निवली. कुंडांत येतं ते पावसाचं पाणी: भेगांतून खोल उतरलेलं, तिथे तापून दुसऱ्या वाटेनं वर आलेलं. खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. या उष्णतेचा मोठा वाटा खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून येतो.

म्हणजे उष्णता मुंबईखालीही आहे. ती वीज किंवा ऊब म्हणून वापरायला वर आणायची तर मात्र खडकातून पाणी खेळतं राहावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. बोअरमधून काढलेला बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या कातळाचा, तुकडा हातात घेतला तर त्यात वाटाण्याएवढी भोकं दिसतात. लाव्हातले वायू निघून गेले, त्यांच्या या जागा. पण बहुतेक भोकं झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांनी बुजलेली असतात, आणि जी मोकळी आहेत ती एकमेकांना जोडलेली नसतात. त्यामुळे सगळी मदार भेगांवर. भेगेची रुंदी दुप्पट झाली की तिच्यातून जाणारं पाणी साधारण आठपट होतं. म्हणून अशा ठिकाणी मी तापमानाच्या आधी भेगांचा नकाशा मागेन.

खोलवरचं तापमान झऱ्याच्या पाण्यावरूनही ताडता येतं. पाणी जितकं गरम, तितकी खडकातली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) त्यात जास्त विरघळते. पाणी भरभर वर आलं तर ती लगेच खाली बसत नाही. तिचं प्रमाण मोजलं की तळाच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. मात्र वाटेत थंड पाणी मिसळलं तर आकडा कमी येतो. नमुना भर पावसाळ्यात घेण्यापेक्षा मे महिन्यात घेतलेला बरा.

बेसॉल्टच्या खाली काय, हे कोयनेत दिसलं. तिथल्या ३ किलोमीटर खोल बोअरमध्ये सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि मग ग्रॅनाइटसारखा जुना, घट्ट खडक. असा खडक दाबाच्या पाण्यानं फोडून वाटा करता येतात. पण स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराखाली २००६ साली हेच करताना ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि काम थांबलं. कोयनेचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्रानं हे विसरून चालणार नाही.

मग गणेशपुरीच्या ५० अंशांच्या आसपासच्या पाण्यावर वीज होईल का? अलास्कात चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज बनते खरी, पण तिथे यंत्र थंड करायला जवळपास गोठणबिंदूचं पाणी मिळतं. वीज बनते ती गरम आणि थंड यांतल्या फरकावर; आपल्या दमट उकाड्यात तो फरक कुठून आणायचा? भात आणि मासळी सुकवायला मात्र ही ऊब आजही पुरेशी आहे, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी.