मीटिंगचं ॲप निवडताना आधी आवाजाकडे बघा

ऑनलाइन मीटिंगसाठी प्लॅटफॉर्म निवडायचा म्हटलं की चौकशी ठरलेली असते: फुकटात किती मिनिटं मिळतात आणि एका वेळी किती माणसं मावतात? दोन्ही माहिती हवीच, पण ती कंपनीच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत सापडते. मीटिंग सुरळीत होणार की दर दोन वाक्यांनी ‘आवाज येतोय का?’ विचारावं लागणार, हे मात्र तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मते निवड त्यावरूनच व्हायला हवी.

आधी वेळेचं गणित बघू. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही भाषेगणिक फरक थोडाच निघाला. या नाजूक लयीत नेटवर्कचा उशीर मिसळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर बहुतेक वेळा संभाषणाला बाधा येत नाही. ४०० ही तिथे वरची मर्यादा मानली आहे. उशीर फार वाढला की दोघं एकदम बोलायला लागतात, एकदम थांबतात, ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ सुरू होतं.

याहून गंभीर गोष्ट जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवली. उशीर वाढला की लोक दोष लाइनला देत नाहीत, समोरच्या माणसाला देतात. १.२ सेकंद उशीर असताना पलीकडची व्यक्ती कमी लक्ष देणारी, कमी मनमिळाऊ वाटू लागली. नोकरीची मुलाखत किंवा समुपदेशन अशा लाइनवर होत असेल, तर एका चांगल्या माणसाबद्दल नाहक वाईट मत होऊ शकतं. म्हणून उशीर ही किरकोळ तांत्रिक बाब समजू नये.

हा उशीर येतो कुठून? थोडा अंतरामुळे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १० हजार किलोमीटरला ५० मिलिसेकंद. एकाच गावातले दोघं बोलत असले आणि सर्व्हर दुसऱ्या खंडात असला, तर प्रत्येक शब्द तिकडे जाऊन परत येतो. त्यामुळे कंपनीचे सर्व्हर आपल्या जवळपास आहेत का, हे जरूर विचारा.

बाकीचा उशीर आवाज हाताळण्यात जातो. मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पॅकेटमधून रवाना होतो. वाटेत कुणी मागे पडतं, कुणी पुढे जातं, कुणी हरवतंच. म्हणून पलीकडचं ॲप आलेली पॅकेटं क्षणभर धरून ठेवतं, क्रमाने लावतं आणि मग वाजवतं. जास्त वेळ धरलं तर उशीर वाढतो, कमी धरलं तर आवाज तुटतो. हा तोल ॲपला दर क्षणी सांभाळावा लागतो. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवून बहुधा उपयोग नसतो, कारण ते येईपर्यंत वाक्य पुढे सरकलेलं असतं. मग ॲप आधीच्या आवाजावरून अंदाज बांधून ती फट भरतं. एखादा तुकडा असा भरला तर कानाला कळतही नाही. सलग अनेक गेले की आवाज यंत्रमानवासारखा येतो, तो या अंदाजाचाच आवाज.

बऱ्याच सेवा यासाठी ‘ओपस’ ही कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याची आणि पलीकडे पुन्हा उलगडण्याची पद्धत, वापरतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत काम करते, आणि पॅकेट हरवण्याची भीती असेल तर पुढच्या पॅकेटात मागच्याची हलकी प्रतही पाठवू शकते.

चित्राची भूक मात्र प्रचंड. ७२० ओळींचं, सेकंदाला ३० चौकटींचं रंगीत चित्र जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला ६६ कोटी बिट लागतील. ॲप ते दाबून एक-दोन मेगाबिटवर आणतं, मुख्यतः मागच्या चौकटीपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवून. पाठीमागे पंखा फिरत असेल किंवा पडदा हलत असेल तर डेटा जास्त लागतो, तो यामुळेच. नेट कमी पडलं की चांगलं ॲप आधी चित्राचा बळी देतं आणि आवाज वाचवतं. माझ्या दृष्टीने हीच खरी कसोटी.

गटात बोलताना आणखी एक अडचण असते. दहा जणांनी थेट एकमेकांना चित्र पाठवायचं ठरवलं तर प्रत्येकाला नऊ प्रती पाठवाव्या लागतील, आणि घरच्या इंटरनेटची पाठवण्याची गती तर बरेचदा घेण्याच्या गतीपेक्षा कमी असते. म्हणून मधे सर्व्हर असतो. प्रत्येकजण त्याला मोठं आणि छोटं अशा दोन-तीन आकारांत चित्र देतो आणि ज्याला जे झेपेल ते सर्व्हर पुढे धाडतो.

इथेच गोपनीयतेचा प्रश्न येतो. साध्या सांकेतिकीकरणात (एन्क्रिप्शनमध्ये) कुलूप वाटेवर असतं, सर्व्हरवर ते उघडू शकतं. टोकापासून टोकापर्यंतच्या सांकेतिकीकरणात किल्ली फक्त सहभागी लोकांकडे राहते. दोन्हींत फरक मोठा आहे. आपण दुसऱ्या प्रकारचं संरक्षण देतो असं झूमने सांगितलं, पण किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. २०२० मध्ये त्यावर तडजोड झाली, आणि त्याच वर्षी झूमने ही सोय खरोखर आणली. मात्र ती चालू केली की सर्व्हरवरचं रेकॉर्डिंग किंवा साध्या फोनवरून सामील होणं सहसा बंद पडतं, कारण सर्व्हरला काही ऐकूच येत नाही. रुग्णाशी किंवा अशिलाशी बोलणाऱ्यांनी ही किंमत मोजावी. मोठ्या जाहीर व्याख्यानाला तिची गरज नाही. संस्थेकडे जाणकार माणूस असेल तर जित्सी किंवा बिगब्लूबटन हे मीटिंगचं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, मग सर्व्हर कुणाचा हा प्रश्नच मिटतो.

ठरवण्याआधी तालीम घ्या, आणि ती ऑफिसच्या वेगवान वायफायवर नको. गटात ज्याचा फोन सर्वांत जुना आणि नेट सर्वांत अशक्त, त्याला मोबाइल डेटावर बसवा. दोघांना मुद्दाम एकदम बोलायला सांगा. एकाचा आवाज दबला तर प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा कच्ची आहे. गाण्याची शिकवणी घ्यायची असेल तर एक सूर लांबवून बघा. गोंगाट गाळणारी यंत्रणा एकसारखा आवाज गोंगाट समजून पुसून टाकते, तेव्हा ती बंद करायची सोय हवीच.

आणि रेकॉर्डिंग साध्या व्हिडिओ फाइलच्या रूपात आपल्याकडे उतरवून घेता येतं का, हेही बघा. सेवा कधी बंद पडेल सांगता येत नाही: अनेक वर्षं घराघरात वापरलं गेलेलं स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं.