आरएक्स की आर-१५? वादामागची गोष्ट

विदर्भातल्या बाजाराच्या गावी गॅरेजपुढे चार जण जमले की यामाहाच्या दोन मोटारसायकलींवरून जुंपतेच. बापाची आरएक्स १०० भारी की पोराची आर-१५?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खेड्यात फटफटी म्हणजे बहुतेक राजदूत, नाहीतर बुलेट किंवा येझदी. राजदूतवाल्या एस्कॉर्ट्स कंपनीनेच यामाहाचं तंत्र घेऊन आधी राजदूत ३५० काढली. ताकद तीसेक अश्वशक्ती, पण पेट्रोल इतकं प्यायची की शेतकऱ्याच्या अंगणात ती फारशी लागलीच नाही. १९८५ साली आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला गोऱ्हा सुटावा तशी सुटायची. त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० आली, आणि अॅव्हरेज पाहणारे तिकडे गेले. कापसाच्या चुकाऱ्यातून हौस करणाऱ्यांनी मात्र यामाहाच धरली.

आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट, म्हणून मूठ पिळताच ओढ. ऑइल पेट्रोलसोबतच जळायचं, त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी बसायची आणि गाडी दमायची. मग आतली नळी काढून पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) जाळात टाकायची, ठोकून झाडायची, परत बसवायची. काही पोट्टे ती बसवायचेच नाहीत. गाडी वेशीवर आली की अख्ख्या गावाला कळायचं!

हाच धूर तिच्या मुळावर आला. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद पडली. पुढे आरएक्स १३५ने काही वर्षं गादी चालवली.

२००८ मध्ये आर-१५ आली. १४९.८ सीसी, १७ अश्वशक्ती, सहा गिअर, पाण्याने थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन. आता जरा हिशेब करा. दर शंभर सीसीमागे दोघींचीही ताकद अकराच्या थोडी वर, म्हणजे जवळपास सारखीच. फोर-स्ट्रोकमध्ये स्फोट दोन फेऱ्यांना एकदा होतो. तेवढीच ताकद काढायला कंपनीला चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन आणि रेडिएटर लावावे लागले, इंजिन जास्त फिरवावं लागलं. या आर-१५ची ताकद मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांच्या आसपास पुरती येते. मोकळ्या डांबरी रस्त्यावर ती आरएक्सला गाठू देणार नाही, ब्रेकही कितीतरी चांगले. पण वावराच्या पांदणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेवर, चिखलात, दुसऱ्या गिअरवर साडेआठ हजार फेरे कोण फिरवतो? तिथे माझं मत आरएक्सलाच.

शिवाय आरएक्सच्या सपाट सीटवर खताचं पोतं बसतं, नऊवारीतली आजीही बसते. आर-१५च्या नंतरच्या मॉडेलांत मागची सीट उंच, तिथे दोन्हींची पंचाईत. आरएक्सचं कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा भाग, मिस्त्री निंबाखाली, गोणपाटावर पाने-पक्कड पसरून खोलतो. इंजेक्शनचा सेन्सर बिघडला तर बिघाड शोधणारं मशीन लावायला गाडी तालुक्याला, कधी थेट जिल्ह्याला न्यावी लागते.

म्हणूनच जुन्या आरएक्सची किंमत वाढत गेली. मात्र पंधरा वर्षं उलटली की आरटीओत फेरनोंदणी आणि पर्यावरण कर लागतो. अनेक गाड्या तीन-चार हात फिरलेल्या, आरसी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर. त्यामुळे आज सौदा करताना जाणकार आधी इंजिन ऐकत नाही, कागद मागतो.