वेळू, काचतंतू, कार्बन: रिळाविना मासेमारीची काठी

अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी या राज्यांत, ब्लूगिल आणि क्रॅपी हे तळहाताएवढे मासे धरायला आजही बरेच जण रिळाच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चक्राच्या, वाटेला जात नाहीत. 10 ते 16 फुटांची काठी, तिच्या शेंड्याला बांधलेला तंगूस (मासेमारीचा दोरा), तरंगतं बूच, शिसं आणि गळ, एवढ्यावर काम भागतं. त्याचं कारण माशांच्या सवयीत आहे. ब्लूगिल उन्हाळ्याच्या तोंडाला उथळ पाण्यात, काठालगत, एकमेकांना खेटून घरटी करतो. क्रॅपी बुडालेल्या झाडाझुडपांत उभा असतो. टेनेसीतलं रीलफुट सरोवर 1811-12 च्या भूकंपांत जमीन खचून तयार झालं. त्याच्या तळाशी आजही सायप्रसचे बुंधे आहेत. तिथे गळ लांब फेकून ओढत आणला तर तो बुंध्यात अडकणारच. वरून सरळ खाली सोडला तर माशाच्या तोंडापुढे जातो.

सुरुवातीच्या काठ्या नदीकाठच्या स्थानिक वेळूच्या. हिवाळ्यात तोडायच्या, पानं-फांद्या साफ करायच्या आणि शेंड्याला वजन बांधून उलट्या टांगायच्या, म्हणजे वाळताना सरळ राहतात. तंगूस त्या वेळी नुसता शेंड्याला बांधत नसत. काठीच्या मध्याजवळ किंवा बुंध्याशी गाठ मारून तो वेढे देत शेंड्यापर्यंत न्यायचा आणि तिथे पुन्हा बांधायचा. शेंडा मोडला तरी मासा हातचा जात नसे. साधी युक्ती, पण पुढच्या सगळ्या भानगडी ती गेल्यामुळे झाल्या.

बाहेरून आलेल्या बांबूत पहिला मान भारताचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘कलकत्ता केन’ या नावाने विकला जाणारा बांबू म्हणजे आपल्याकडे मेळघाट-गडचिरोलीच्या जंगलांत वाढणारा मानवेल, त्याच जातीचा. त्यावर जागोजागी भाजल्याचे काळे डाग असत. चिरून सहा पट्ट्या चिकटवण्याच्या महागड्या काठ्यांना ते डाग अडचणीचे ठरत. अख्ख्या काठीला त्याचं काहीच वाटत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू आला आणि चिरलेल्या काठ्यांच्या धंद्यातून कलकत्ता मागे पडला. मग कोरियन युद्ध पेटलं, 1950 च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिनही मिळेनासा झाला.

तोवर काचतंतूची (फायबरग्लासची) काठी बाजारात आली होती. मासेमारीचं सामान बनवणाऱ्या शेक्सपिअर कंपनीने आर्थर हॉवल्ड यांच्या पद्धतीने तयार केलेली पोकळ काठी 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात विक्रीला आली. कुजत नाही, कीड लागत नाही, वाळवायची कटकट नाही. पण खरा फायदा पोकळपणात होता, कारण पोकळ नळीत दुसरी नळी मावते. 14 फुटांचा वेळू गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागे, तीच लांबी आता चार फुटांत मिटायला लागली. जपानमध्ये सरकत्या नळ्यांची काठी आधीपासून मुरलेली होती, त्यामुळे कार्बनतंतू हाती येताच 1970 च्या दशकात त्यांनी वजन आणखी उतरवलं. (देवाणघेवाण उलटीही झाली. 1960 मध्ये युवराज अकिहितो शिकागोहून ब्लूगिल भेट म्हणून जपानला घेऊन गेले. तो तिथल्या पाण्यांत इतका माजला की 2007 मध्ये सम्राट या नात्याने त्यांना खेद व्यक्त करावा लागला.)

सरकत्या काठीला वेढे देता येत नाहीत, दिले तर नळ्या आत जाणार नाहीत. म्हणून सगळा भार शेंड्यावरच्या एका जागेवर आला. अमेरिकी काठ्यांना तिथे तारेची कडी असते, जपानी काठ्यांना लिलियन म्हणतात तो विणलेला दोरा चिकटवलेला असतो. लिलियनच्या टोकाला आधी छोटी गाठ मारा. तंगुसाच्या टोकाला फास करून तो गाठीच्या मागे चढवा आणि ओढा. गाठ नसेल तर फास निसटतो.

तंगूस शेंड्यापासून गळापर्यंत काठीएवढा किंवा वीतभर कमी ठेवा, म्हणजे काठी उभी केली की मासा आपसूक हातात येतो. फूटभर जास्त झाला की मासा डोक्यावरून मागे झोके घेतो. ब्लूगिलला 4 ते 6 पौंडांचा (एवढा ताण झेलणारा) तंगूस आणि 8 किंवा 10 नंबरचा (नंबर मोठा तेवढा गळ लहान) लांब दांडीचा गळ. त्याचं तोंड लहान आणि तो आमिष गिळून टाकतो, लांब दांडी असली की गळ काढणं सोपं जातं. आमिष गांडूळ किंवा रातकिडा. शिसं गळाच्या वर सहा इंचांवर. बूच एवढंच मोठं हवं की शिशाच्या भाराने फक्त त्याचं टोक पाण्यावर राहील. फुगीर बूच बुडवताना माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकतो. क्रॅपीला 2 किंवा 4 नंबरचा बारीक तारेचा गळ, छोटी जिवंत मासळी, आणि झुडपात 8 ते 10 पौंडांचा तंगूस. तंगूस तुटण्याआधी गळ सरळ होऊन सुटतो, नवा बांधावा लागत नाही, बोटांनी परत वाकवला की झालं. बूच बुडालं की मनगट वर उचलणं पुरे. हिसका दिला तर क्रॅपीच्या तोंडाचा पातळ पडदा फाटतो.

गळ अडकला की बहुतेक जण काठीच ओढतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक नळी बुंध्याकडे जराशी जाड असते, बाहेरच्या नळीच्या तोंडात ती पाचरीसारखी बसते. काठीच्या रेषेत जोर लावला की पाचर आणखी घट्ट होते आणि संध्याकाळी काठी मिटत नाही. काठी खाली ठेवा, तंगूस हाताला फडकं गुंडाळून ओढा. उघडताना शेंड्याची नळी आधी, मिटताना बुंध्याकडची आधी. ढकलताना दोन्ही हात सांध्याच्या जवळ ठेवा, लांबून ढकललं तर बारीक नळी वाकून चिरते. अडकलेल्या सांध्याला पकड लावू नका. बुंध्याचं झाकण काढा आणि काठी उभी धरून लाकडी फळीवर हलकेच आपटा. बहुतेक वेळा दोष वाळूच्या कणाचा किंवा आत राहिलेल्या पाण्याचा असतो, म्हणून घरी आल्यावर नळ्या सुट्या करून पुसा आणि सावलीत वाळवा.

कार्बनमधून वीज वाहते. काचतंतूच्या काठीनंतर कार्बनची घेणाऱ्याने काठावरच्या विजेच्या तारा आधी पाहाव्यात, मग काठी उघडावी.