रेंडरिंग, रिक्वेस्टबाहेरचे

वेब-अ‍ॅप्लिकेशनचे व्ह्यू टेम्प्लेट (पानाचा रिकाम्या जागा असलेला साचा), ब्राउझरकडून रिक्वेस्ट (पानाची मागणी) आलेली नसताना भरून त्याचे एचटीएमएल किंवा साधा मजकूर तयार करणे. ईमेल, रात्री निघणारी पीडीएफ बिले, सायडकिक वा सेलरी या मागच्या मागे कामे उरकणाऱ्या साधनांच्या रांगेतली कामे, वेबसॉकेट या खुल्या राहणाऱ्या जोडणीवरून पाठवायचा पानाचा तुकडा ही याची नेहमीची ठिकाणे.

उगमाबद्दल दोन मते संभवतात. एका मतानुसार ही पद्धत रुबी भाषेतले वेब-फ्रेमवर्क रेल्स, त्याच्या ५ व्या आवृत्तीपासून (जून २०१६) धरावी. त्या आवृत्तीत कंट्रोलरच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या भागाच्या) क्लासवर थेट ‘रेंडर’ आले, आणि सोबतच आलेल्या अ‍ॅक्शन केबलला (रेल्सच्या वेबसॉकेट भागाला) त्याची गरजही होती. त्याआधी अ‍ॅक्शन व्ह्यूचे (टेम्प्लेट भरणाऱ्या भागाचे) ऑब्जेक्ट हाताने बांधावे लागे, नाहीतर खोटी रिक्वेस्ट रचून कंट्रोलरची समजूत घालावी लागे. दुसरे मत बरेच मागे जाते. ‘व्ह्यू’ ही संज्ञा त्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क येथे मांडलेल्या एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) रचनेतली. तिथे वेबची रिक्वेस्ट असण्याचा प्रश्नच नव्हता. व्ह्यूची रिक्वेस्टशी गाठ पडली ती वेबवर. पीएचपीत (१९९५) पान आणि प्रोग्राम एकाच फाइलीत नांदू लागले, जावाच्या जेएसपीत (१९९९) ‘रिक्वेस्ट’ न मागताच हजर असे. जावातल्याच व्हेलॉसिटी या टेम्प्लेट भरणाऱ्या साधनाने मात्र टेम्प्लेट आणि कॉन्टेक्स्ट (त्यात भरायची माहिती) एवढ्यावर भागवले. रेल्सचा अ‍ॅक्शन मेलरही (ईमेल पाठवणारा भाग) २०१६ च्या कितीतरी आधीपासून रिक्वेस्टशिवाय टेम्प्लेट भरत आला आहे. तेव्हा २०१६ हे उगमाचे नव्हे, सोय झाल्याचे साल मानणे बरे.

टेम्प्लेट रिक्वेस्टकडून नकळत बरेच उसने घेत असते: होस्टचे नाव, लॉगिन केलेला वापरकर्ता, भाषा, टाइमझोन. रिक्वेस्ट नसली की हे सारे हाताने पुरवावे लागते. न पुरवल्यास प्रत्येक फ्रेमवर्क वेगळे वागते. फ्लास्क (पायथन भाषेतले फ्रेमवर्क) अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट नसल्याची तक्रार करून थांबतो. रेल्सचा रेंडरर थांबत नाही. होस्ट म्हणून ‘एक्झाम्पल डॉट ऑर्ग’ धरून पूर्ण लिंका बिनदिक्कत छापतो. पायथनच्याच जँगो फ्रेमवर्कच्या ‘रेंडर_टू_स्ट्रिंग’ला रिक्वेस्ट ऐच्छिक आहे, ती दिली नाही तर कॉन्टेक्स्ट प्रोसेसर (टेम्प्लेटला सामाईक माहिती पुरवणारी फंक्शने) चालत नाहीत आणि त्यांच्याकडून येणारी नावे टेम्प्लेटमध्ये मुकाट्याने रिकामी राहतात. थांबणारा फ्लास्क त्यातल्या त्यात परवडला.

टाइमझोनची चूक सर्वांत उशिरा लक्षात येते. मुलुंडमधील एखाद्या गृहनिर्माण सोसायटीची मेंटेनन्स बिले १ एप्रिलला पहाटे २ वाजता क्रॉनने (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामने) काढायची आहेत असे समजा. सिंकिंग फंड, पार्किंग, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सगळे आकडे बरोबर येतात. पण सेक्रेटरी दिवसा लॉगिन करून तेच बिल पाहतात तेव्हा भारतीय वेळ त्यांच्या प्रोफाइलमधून लागू होत असते, आणि क्रॉनमागे कोणाचेच प्रोफाइल नसते. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असल्यास त्याच्या लेखी त्या वेळी ३१ मार्चचे रात्रीचे ८:३० वाजलेले असतात. बिलावर तारीख कालची पडते आणि आर्थिक वर्षही मागचे. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्र ते पहाटे ५:३० या अवधीत निघालेल्या प्रत्येक बिलाला हा धोका आहे, आणि असली कामे नेमकी त्याच अवधीत लावतात. उपाय म्हणजे तारीख, झोन आणि भाषा जॉबमध्येच ठरवून टेम्प्लेटला उघडपणे देणे. टेम्प्लेटमध्ये ‘आज’ विचारू नये.

रेल्सच्या टाइमझोन यादीत ‘मुंबई’ हे स्वतंत्र नाव आहे. ते कोलकाता, चेन्नई आणि नवी दिल्लीप्रमाणेच ‘एशिया/कोलकाता’ला जोडलेले आहे. शहराची स्वतःची वेळ, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढची, साधारण १९५५ पर्यंत व्यवहारात होती. ती या नावाने मिळत नाही.