उपचारांमुळे होणारे मृत्यू आणि नफ्याचे वैद्यक : एका वादाची पार्श्वभूमी

आधुनिक वैद्यकाच्या हानीचा आणि आरोग्यसेवेतील नफेखोरीचा विषय निघाला की एक विधान हटकून पुढे येते : हृदयविकार आणि कर्करोग यांच्या खालोखाल सर्वाधिक माणसे उपचारांमुळे मरतात. हे विधान अमेरिकेतील रुग्णालयांच्या आकडेवारीवरून निघाले आहे. पण आता ते देशकाळाचा उल्लेख गाळून सर्वत्र वापरले जाते. एक बाजू त्याला पुरावा मानते, दुसरी बाजू ते थोतांड म्हणून झटकून टाकते, आणि हा आकडा कसा काढला गेला याची विचारपूस दोघांपैकी फारसे कोणी करत नाही.

उपचाराने रुग्ण दगावणे ही गोष्ट औषध कंपन्यांहून कितीतरी जुनी आहे. रक्तमोक्षणाची, म्हणजे रोग बरा करण्यासाठी शरीरातून रक्त काढण्याची चाल युरोपात शतकानुशतके टिकली, आणि १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये रुग्णांची मोजदाद करून तिचा फायदा तपासला गेला तेव्हा तो जवळजवळ आढळलाच नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावल्यावर बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून दोन-तीन महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. तरीही बहुतेक सहकाऱ्यांनी ती गोष्ट मान्य केली नाही. या विरोधामागे पैसा नव्हता. सवय, प्रतिष्ठा आणि आपल्याच हातून मृत्यू घडत आहेत हे स्वीकारण्याची अनिच्छा, एवढी कारणे पुरेशी होती.

सवयीचे हे बळ किती असते, ते १९३४ साली न्यूयॉर्कमधील १,००० शाळकरी मुलांच्या पाहणीत फार स्पष्टपणे दिसले. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा १७४ जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. ज्यांना गरज नाही असे ठरले होते, त्या २१५ मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्यातील ९९ जण निवडले. पुन्हा उरलेल्या मुलांना तिसऱ्यांदा तपासून घेतले आणि पुन्हा जवळपास निम्मी मुले शस्त्रक्रियेसाठी पात्र ठरली. अखेरीस हजारांपैकी अवघी ६५ मुले सुटली. तपासणारा प्रत्येक डॉक्टर प्रामाणिक असेलही, पण समोरच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागतेच, अशी त्याची धारणा घट्ट होती, आणि ती मुले आधीच चाळली गेली आहेत की नाहीत याने तिच्यात काही फरक पडत नव्हता.

औषधांवरील कायदे मात्र दुर्घटनांच्या पाठोपाठ आले. १९३७ मध्ये एका द्रवरूप सल्फा औषधात विषारी द्रावक वापरला गेल्याने अमेरिकेत शंभराहून अधिक माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता दाखवणे सक्तीचे झाले. १९५७ पासून जर्मनीत विकल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधामुळे, ते गरोदर स्त्रियांनी घेतल्याने, जगभर सुमारे १०,००० मुले व्यंग घेऊन जन्माला आली, आणि १९६२ मध्ये औषध परिणामकारक आहे हेही सिद्ध करण्याची अट अमेरिकी कायद्यात आली. १९७० च्या दशकात टीकेचा रोख औषधांवरून खुद्द वैद्यकाच्या अधिकारावर वळला. क्षयासारख्या रोगांनी होणारे मृत्यू प्रभावी औषधे येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते, हे आकड्यांनिशी मांडले गेले. त्याच दशकात एका लहानशा अमेरिकी राज्यात, शेजारशेजारच्या भागांमध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण दर १०,००० माणसांमागे १३ पासून १५१ पर्यंत बदलते असे आढळले. रोगाचे प्रमाण इतके बदलत नसते. बदलत होती ती डॉक्टरांची पद्धत.

आता मूळ आकड्याकडे यावे. त्याचा उगम १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात आहे. न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांमधील १९८४ सालचे ३०,००० हून अधिक केसपेपर त्यासाठी वाचले गेले. दाखल रुग्णांपैकी ३.७ टक्के जणांना उपचारामुळे इजा झाली होती आणि त्यांपैकी १३.६ टक्के जण दगावले होते. पुढे १९९९ च्या एका अधिकृत अहवालाने हे प्रमाण देशभरच्या ३ कोटी ३६ लाख दाखल रुग्णांना लावले, त्यातील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या होत्या असे धरले आणि दरवर्षी ९८,००० मृत्यू हा आकडा काढला. दुसऱ्या दोन राज्यांतील अभ्यासावरून तोच आकडा ४४,००० येत होता. म्हणजे सुरुवातीच्या अंदाजातच दुपटीहून अधिक तफावत होती, आणि चर्चेत राहिला तो बहुधा मोठा आकडा.

त्याच सुमारास एक वेगळी बेरीज पुढे आली. १९९८ च्या एका संकलनानुसार रुग्णालयांत योग्य औषध योग्य मात्रेत देऊनही होणाऱ्या दुष्परिणामांनी वर्षाला सुमारे १,०६,००० मृत्यू होत होते. २००० साली त्यात रुग्णालयातील जंतुसंसर्गाचे ८०,०००, अनावश्यक शस्त्रक्रियांचे १२,०००, औषध देण्यातील चुकांचे ७,००० आणि इतर चुकांचे २०,००० मृत्यू मिळवले गेले, एकूण २,२५,०००. मृत्यूचे ‘तिसरे कारण’ हा शब्दप्रयोग येथून रूढ झाला. या बेरजेत चूक, निष्काळजीपणा, टाळता न येणारा दुष्परिणाम आणि संसर्ग या सर्वांची मोट बांधलेली होती. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटून दगावलेला रुग्ण आणि डाव्याऐवजी उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण यांना एकाच रकान्यात टाकल्यावर त्या रकान्याच्या बेरजेचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा होता.

२०१६ मध्ये एका प्रसिद्ध नियतकालिकातील लेखाने हा आकडा २,५१,४५४ वर नेला आणि तो जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. तो नव्या पाहणीतून आलेला नव्हता. आधीच्या चार अभ्यासांची सरासरी काढून ती साडेतीन कोटींहून अधिक दाखल रुग्णांना लावली होती. त्यातील तीन अभ्यासांमध्ये मिळून प्रत्यक्ष मृत्यू होते अवघे ३५. अमेरिकी रुग्णालयांत वर्षाला साधारण सात लाख मृत्यू होतात, तेव्हा हा आकडा खरा मानल्यास तेथे मरणाऱ्या दर तिघांपैकी एक जण चुकीमुळे मेला असे होते. इंग्लंडमधील दहा रुग्णालयांतल्या १,००० मृत्यूंची एकेक करून छाननी झाली, तेव्हा टाळता येण्याजोगे मृत्यू ५.२ टक्के निघाले होते. तो अभ्यास २०१२ सालीच प्रसिद्ध झाला होता.

माझ्या मते या सगळ्यातील सर्वांत उद्बोधक अभ्यास २००१ चा आहे, आणि त्याची आठवण क्वचितच काढली जाते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १११ मृत्यूंचे कागद अनुभवी डॉक्टरांना वाचायला दिले. उत्तम उपचाराने हा मृत्यू टळण्याची शक्यता होती का, या प्रश्नाला २२.७ टक्के मृत्यूंच्या बाबतीत ‘होती’ असे उत्तर आले. शक्यता दाट किंवा निश्चित होती का, असे विचारल्यावर प्रमाण ६ टक्क्यांवर आले. आणि उपचार उत्तम झाले असते तर हा रुग्ण शुद्धीत आणि बऱ्या अवस्थेत आणखी तीन महिने जगला असता का, असे विचारल्यावर ते ०.५ टक्क्यांपर्यंत उतरले. कागद तेच आणि वाचणारेही तेच होते. केवळ प्रश्न बदलला आणि उत्तर पंचेचाळीस पटींनी बदलले. २०२० मध्ये अशा अभ्यासांचे एकत्र विश्लेषण होऊन अमेरिकेसाठी वर्षाला सुमारे २२,००० टाळता येण्याजोगे मृत्यू हा अंदाज पुढे आला. तो २०१६ च्या आकड्याच्या एक दशांशाहून कमी असला तरी वर्षाला २२,००० माणसे ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि मोठा आकडा खोटा ठरला म्हणून सगळे ठीक आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

परंतु ‘तिसऱ्या कारणा’च्या आकड्याचा खरा दोष तो फुगलेला असण्यात नाही. नफेखोरीवर टीका करणारे जो आकडा पुढे करतात, त्यात नफेखोरी मोजलेलीच नसते. हे अभ्यास केसपेपर वाचतात, हिशेबाच्या वह्या वाचत नाहीत. गरज नसताना केलेली आणि सुरळीत पार पडलेली शस्त्रक्रिया केसपेपरवर यशस्वी म्हणूनच नोंदली जाते. रुग्णालयाबाहेर वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळीचा परिणाम तर त्या कागदावर येण्याचाच संभव नसतो.

शिवाय काही हानी खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला दिसूच शकत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता दाबणारी औषधे १९८० च्या दशकात सर्रास दिली जात होती; ईसीजी सुधारलेला दिसे आणि डॉक्टरांची खात्री पटे. प्रत्यक्ष चाचणीत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मेले आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ही चाचणी सार्वजनिक पैशातून झाली होती. औषध आधीच खपत असताना अशी चाचणी करण्याची घाई उत्पादकाला नसते, आणि नफ्याचा संबंध प्रामुख्याने येथे येतो : हानी निर्माण करण्यापेक्षाही ती उघड होण्यास लावलेल्या विलंबात.

याचे दाखले भरपूर आहेत. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक १९९९ मध्ये बाजारात आले. २००० मधील चाचणीत ते घेणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके अधिक आल्याचे दिसले होते, तेव्हा तुलनेसाठी वापरलेले दुसरे औषध हृदयाचे रक्षण करत असावे असा खुलासा देण्यात आला. पुढे उघड झाले की तीन झटक्यांची नोंद प्रसिद्ध निबंधात घेतलीच नव्हती. औषध मागे घेतले गेले ते सप्टेंबर २००४ मध्ये. त्याआधीच्या वर्षी त्याची विक्री सुमारे अडीच अब्ज डॉलर होती. नैराश्यावरील औषधांच्या ७४ चाचण्या २००८ मध्ये तपासल्या गेल्या. औषधाच्या बाजूने निकाल देणाऱ्या ३८ पैकी ३७ छापल्या गेल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अनुकूल निकाल असल्यासारख्या मांडल्या गेल्या. अफूजन्य वेदनाशामकांचे व्यसन क्वचितच लागते, या समजाला आधार म्हणून १९८० मधील पाच वाक्यांचे एक पत्र शेकडो वेळा उद्धृत झाले. त्यात रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ जणांपैकी व्यसनाच्या चारच नोंदी सापडल्याचे म्हटले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अक्षरही नव्हते. १९९६ नंतर त्या गोळ्यांचा प्रसार ज्या वेगाने झाला आणि त्यातून जे मृत्यू ओढवले, ते वर सांगितलेल्या ‘तिसऱ्या कारणा’च्या कोणत्याही बेरजेत नाहीत.

नियामक यंत्रणेच्या निधीचा प्रश्नही येथेच येतो. १९९२ पासून अमेरिकेत औषधाच्या अर्जाबरोबर कंपन्यांकडून शुल्क घेतले जाऊ लागले आणि परीक्षणाचा वेग वाढला. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच पैशावर परीक्षक पोसला जातो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र हा वेग केवळ कंपन्यांनी मागितलेला नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एड्सचे रुग्ण औषधे लवकर मिळावीत म्हणून रस्त्यावर उतरले होते, आणि उशीर हीसुद्धा हानीच आहे हे त्यांचे म्हणणे तितकेच रास्त होते.

हानी मृत्यूच्या रूपातच दिसेल असेही नाही. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाल्यावर थोड्या जादा पैशात गळ्याची सोनोग्राफीही करून देण्याची पद्धत पडली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले होते आणि त्या रोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. निदान झालेल्या बहुतेकांची ग्रंथी काढली गेली. त्यांना आयुष्यभर हार्मोनच्या गोळ्या लागल्या, सुमारे ११ टक्के जणांच्या शरीरातील कॅल्शियमचे नियंत्रण बिघडले आणि सुमारे २ टक्के जणांची स्वरतंतूंची हालचाल गेली. काही डॉक्टरांनी २०१४ मध्ये जाहीर इशारा दिल्यावर शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

अलीकडे मालकीचाच परिणाम तपासला जाऊ लागला आहे. खासगी गुंतवणूक निधींनी विकत घेतलेल्या ५१ अमेरिकी रुग्णालयांची तुलना तशाच इतर रुग्णालयांशी करणारा अभ्यास डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. खरेदीनंतर रुग्णालयातच उद्भवणाऱ्या इजा सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. पडण्याच्या घटना वाढल्या, आणि मोठ्या शिरेतील नळ्या कमी जणांना घालूनही त्या नळ्यांचे संसर्ग वाढले. रुग्णालयातील मृत्यू मात्र किंचित घटले होते. दाखल होणारे रुग्ण तुलनेने तरुण होते आणि इतरत्र हलवल्या जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते, हे त्याचे संभाव्य कारण अभ्यासकांनी दिले. घरी सोडल्यानंतरच्या ३० दिवसांपर्यंत पाहिले असता तो फरक उरला नाही.